साईनाथचा एकुलता एक फोटो

नंदा ओव्हाळच्या हातात कला आहे, हे खडकी बाजारात कुणालाही विचारा, सांगतील. तिच्या जिभेला हाड नाही, हे न विचारताच सांगतील. स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत तिचा दहा बाय आठचा गाळा आहे. जुने, फाटके, वाळवी लागलेले फोटो दुरुस्त करून देणं हा तिचा धंदा. काचेवर चिठ्ठी चिकटवलेली: 'मूळ फोटो लगेच परत नेणे. हरवल्यास आम्ही रडणार नाही.'

दहावी झाल्या झाल्या ती नारायण पेठेतल्या एका स्टुडिओत कामाला लागली. तेव्हा संगणक कुठले? निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं सुरकुत्या भरायच्या, बारीक ब्रशनं डाग झाकायचे. आणि कोट चढवायचे. म्हणजे असं की, माणूस गेला, घरात त्याचा एकच फोटो, तोही बनियनवर. तसा कसा भिंतीवर लावायचा? मग नंदा त्याला कोट घालायची, टाय बांधायची. नवरा आधी गेला असेल आणि जोडफोटो हवा असेल, तर बाईच्या कपाळावर पुन्हा कुंकू लावायची. निम्म्या पेठेला मेल्यावरचा कोट नंदानं घातला, असं तिचा नवरा रामदास म्हणायचा. रामदास दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला कमी आणि बोललाच तर खडा मारल्यासारखा.

स्टुडिओ बंद पडला तेव्हा नंदानं दोन पाटल्या मोडल्या आणि फोटोशॉप विकत घेतलं. पेटीतलं, पावतीसकट. बाजारात बाकी सगळे चोरीचं वापरत होते आणि तिला वेड्यात काढत होते. "रोज सकाळी बुद्धवंदनेत चोरी करणार नाही म्हणायचं आणि दहा वाजता येऊन चोरीचं चालवायचं, हे मला नाही जमत," ती म्हणायची. बाईचं सगळं असं सरळ होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याचा तिला स्वतःलाच जास्त धक्का बसला.

गेल्या दिवाळीच्या आसपास तिच्या संगणकानं कुरकुर सुरू केली. विंडोजची मुदत संपली, नवी विंडोज या मशीनवर चढणार नाही. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे भंगारात द्या. नवं मशीन घ्या. आणि फोटोशॉप आता महिन्याच्या भाड्यानं मिळतं."

"माझा पाटा-वरवंटा मी विकत घेतलाय," नंदा म्हणाली. "त्याचं दरमहा भाडं मागायला तुम्ही येणार का घरी?"

आणि या बाईनं, चोपन्नाव्या वर्षी, चष्मा नाकावर सरकवत, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत संगणकात नवी डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स घातलं. लिनक्स फुकट, कुणा एकाच्या मालकीचं नाही, जुन्या मशीनवरही पळतं. फक्त एक गोची. फोटोशॉप बांधलंय विंडोजसाठी, त्याला लिनक्सची भाषाच येत नाही. मग मधे एक दुभाषा बसवावा लागतो. हा दुभाषा फोटोशॉपची समजूत घालतो की बाबा रे, तू विंडोजमध्येच आहेस, घाबरू नकोस. त्यासाठी तो लिनक्सच्या पोटात विंडोजचं एक खोटं घर उभं करतो, खोट्या सी ड्राइव्हसकट. या दुभाष्याचं नाव वाइन.

"दारूला शिवणार नाही असं शील घेतलंयस," रामदास म्हणाला, "आणि दुकानात वाइन?"

"प्यायची नाहीये, चालवायचीये. तुम्ही चहा टाका."

अकरा दिवस गेले. कधी पडदा काळा, कधी मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. बाराव्या दिवशी फोटोशॉप उघडलं, ब्रश चालला, आणि नंदा खुर्चीत बसल्या बसल्या ओरडली. समोरचा इस्त्रीवाला धावत आला, त्याला वाटलं शॉक बसला. आठवडाभर ती येईल त्या गिऱ्हाइकाला गरज नसताना सांगत होती, "हे लिनक्सवर चाललंय बरं का." गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, "हो का? पासपोर्टचे आठ काढा."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, नारायण पेठेतून विजयमालाकाकू आल्या. शहात्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, पाठ ताठ. सोबत मुलगा अनिरुद्ध, बँकेत अधिकारी. काकूंनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून प्लास्टिक, प्लास्टिकमधून पोस्टकार्डाएवढा फोटो. सतरा वर्षांचा मुलगा, पांढरा शर्ट, मान किंचित कललेली. खालचा कोपरा पाण्यानं खाल्लेला, गालावरून एक चीर गेलेली.

"माझा थोरला भाऊ, साईनाथ," काकू म्हणाल्या. "पानशेतच्या पुरात गेला. बारा जुलै एकसष्ट. मला वर काकांच्या माडीवर ढकललं आणि आईची पेटी आणायला खाली गेला. पेटी सापडली, तो नाही. पेटीत हा फोटो होता. जगात त्याचा एवढा एकच फोटो आहे, नंदाताई. पासष्ट वर्षं दर बारा जुलैला हा पाटावर ठेवून दिवा लावते. यंदा मोठा करून भिंतीवर लावायचाय. पुढच्या वर्षी दिवा लावायला मी असेन नसेन, भिंतीवर तरी राहील."

नंदानं फोटो स्कॅन केला, दोनदा तपासला आणि नियमाप्रमाणे मूळ फोटो तिथल्या तिथं परत दिला. तो अनिरुद्धनं घेतला. "बारा तारखेच्या आत द्या," काकू जाताना म्हणाल्या. "आणि कोट घालू नका. त्याला कोट नव्हता."

गुरुवारी संगणकानं सांगितलं की डिस्क भरली, जागा करा. नंदा जागा शोधायला बसली. तर काय, फोटोशॉपमधून खोट्या सी ड्राइव्हमध्ये डोकावलं की तिथं फोटोंचा एक फोल्डर, त्यात जूनचं सगळं काम. बाहेर लिनक्समध्ये येऊन बघितलं तर तिथंही फोटोंचा फोल्डर, आणि त्यातही तेच काम, तसंच्या तसं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे हा दुभाषा प्रत्येक फोटोच्या दोन दोन प्रती काढून ठेवतोय. डिस्क भरणार नाही तर काय होईल!"

तिनं खोट्या घरातला जूनचा फोल्डर निवडला, शिफ्ट दाबलं, डिलीट दाबलं. कायमचं पुसायचं का, असं त्यानं विचारलंसुद्धा. हो, म्हणाली. मग हुश्श करून बाहेरचा फोल्डर उघडला.

रिकामा.

तिनं तो बंद केला, पुन्हा उघडला. रिकामाच. प्रती दोन नव्हत्याच हो! त्या दुभाष्यानं आपल्या खोट्या घरात फोटोंची वेगळी खोली बांधलेलीच नसते. खऱ्या खोलीलाच आतून आणखी एक दार पाडलेलं असतं. नंदानं दोन दारं बघितली आणि दोन खोल्या समजली. हे सगळं तिला अर्ध्या तासानं, कुठल्याशा चर्चेच्या पानावर वाचून कळलं, तेव्हा तिनं संगणकाला जे शब्द वापरले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

बॅकअप ती दर रविवारी घ्यायची. काकूंचा फोटो मंगळवारचा. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मावशी, तुमच्या या नव्या डिस्कवरून पुसलेलं परत येत नाही. जुनी असती तर बघितलं असतं."

तरी ती फार हबकली नाही. बाकीची गिऱ्हाइकं परत येतील, शिव्या देतील, फोटो देतील. आणि काकूंचा मूळ फोटो घरी आहेच की. शुक्रवारी सकाळी तिनं अनिरुद्धला फोन लावला. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणाली, "स्कॅन जरा नीट आलेलं नाही. फोटो पुन्हा घेऊन याल का?"



"अहो, तो तर मी विसर्जित केला," अनिरुद्ध म्हणाला.

"काय केला?"

"विसर्जित. फाटका फोटो घरात ठेवू नये म्हणतात ना. गेलेल्या माणसाचा तर नाहीच नाही. नवा होतोय म्हटल्यावर बुधवारी ऑफिसला जाताना ओंकारेश्वराजवळ पुलावरून सोडला. फूल वाहून, नमस्कार करून, व्यवस्थित."

व्यवस्थित! नंदाच्या घरात भीमजयंतीचा चाळीस वर्षांपूर्वीचा फाटका फोटो टेप लावून कपाटावर आहे. फाटकं म्हणून माणूस नदीत सोडायचा, हे तिच्या सात जन्मात डोक्यात आलं नसतं. आणि काम हातात येण्याआधी मूळ फोटो नदीत? शिकलासवरलेला, बँकेतला माणूस!

"तुमच्याकडे आहे ना थोडंफार?" अनिरुद्धचा आवाज खाली आला. "आणि प्लीज, आईला सांगू नका. तिला वाटतंय मूळ फोटो माझ्या कपाटात आहे."

"आहे," नंदा म्हणाली. "बघते मी." आयुष्यात इतक्या सहज ती कधी खोटं बोलली नव्हती.

शनिवारभर तिनं लिनक्सचे सगळे कोपरे उचकले. आणि दुपारी एका लपलेल्या फोल्डरमध्ये तो सापडला. फोल्डर उघडल्यावर फोटोंची इवली इवली चित्रं दिसतात ना, ती चित्रं लिनक्स वेगळी साठवून ठेवतं आणि फोटो पुसला तरी ती लगेच पुसत नाही. साईनाथ तिथं होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा. नंदाच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. पण मोठा करायला गेली तर नुसती करड्या चौकटींची चाळण. नाक कुठं संपतं आणि ओठ कुठं सुरू होतात ते कळेना. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके.

मग तिनं ते केलं जे तिला येत होतं. पुढचे तीन दिवस दुकानाचं शटर अर्धं ओढून ती रंगवत बसली. कपाळ त्या चौकटींवरून घेतलं, केस अंदाजानं, हनुवटी अशीच कुणाचीतरी. डोळे काही केल्या जमेनात. शेवटी कपाटातून एक जुना फोटो काढला, स्कॅन केला, त्यातले डोळे उचलले आणि साईनाथला बसवले. बसले बाई, अगदी चपखल. देखणा मुलगा दिसायला लागला.

संध्याकाळी रामदास डबा घेऊन आला. पडद्याकडे बघितलं आणि डबा हातातच राहिला.

"नंदा, हे डोळे माझे आहेत."

"काहीतरीच काय?"

"आपल्या लग्नाआधीचा, फॅक्टरीच्या ओळखपत्राचा फोटो. चाळीस वर्षं आरशात बघतोय मी हे डोळे. अगं, मी जिवंत आहे अजून! नारायण पेठेत मला हार घालणार तू?"

"कोट उसना चालतो, टाय उसना चालतो, कुंकू उसनं चालतं," नंदा चिडून म्हणाली. "डोळ्यांनी काय घोडं मारलंय?"

"कोट त्या माणसाचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं," रामदास म्हणाला. "चोरी नको म्हणून पाटल्या मोडल्यास ना? मग हे काय चाललंय?" त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि न जेवताच निघून गेला. नंदाला राग आला, कारण तो खरं बोलला होता. पण बारा तारीख तोंडावर आली होती आणि दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता. ते डोळे तिनं तसेच ठेवले.

गुरुवारी ती फोटो घेऊन नारायण पेठेत गेली. बारा बाय अठराची प्रिंट, पुठ्ठ्यात गुंडाळलेली. फ्रेम काकूंनी आधीच करून ठेवली होती, सागवानी, जड. अनिरुद्धनं दार उघडलं. त्यानं पुठ्ठा सोडला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"वा! हुबेहूब मामा! कमाल केलीत हो नंदाताई!"

मामा गेला तेव्हा हा जन्माला यायला सतरा वर्षं होती. पण हुबेहूब!

काकू आतून आल्या. खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला, फोटो मांडीवर घेतला. नंदा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं काकूंनी मान वर केली.

"हा कोण?"

"अगं आई, मामा!" अनिरुद्ध म्हणाला.

"तू गप्प बस. नंदाताई, हा कोण? साईनाथचा डावा डोळा तिरळा होता. मुलं चिडवायची म्हणून फोटो काढताना मान कलती ठेवायचा. तुम्ही मान कलती ठेवलीत आणि डोळे सरळ. कुणाचे आहेत हे डोळे?"

"आमच्या ह्यांचे," नंदा कसंबसं म्हणाली.

आणि मग तिनं सगळं सांगितलं. लिनक्स, खोटं घर, दोन दारं, शिफ्ट, डिलीट. काकूंना त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण पुसलं एवढं कळलं. त्यांनी रागवायलाही वेळ घालवला नाही.

"ठीक आहे. माणसाच्या हातून चुका होतात, सांगायच्या असतात. खोटा भाऊ आणून द्यायचा नसतो. मूळ फोटो आहे ना? तो घेऊन जा. पुन्हा स्कॅन करा. अजून तीन दिवस आहेत."

नंदा अनिरुद्धकडे बघायला लागली. अनिरुद्ध फरशीकडे.

"काय झालं?" काकूंनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "अनिरुद्ध, फोटो कुठं आहे?"

"आई, फाटका होता. घरात ठेवू नये म्हणतात. मी तो... विसर्जित केला."

"कुठं?"

"मुठेत. ओंकारेश्वरापाशी."

काकूंच्या मांडीवरची प्रिंट घसरून खाली पडली. कुणी उचलली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा तो अधिकारी शाळेतल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा होता.

"मुठेला एकदा दिला होता मी," त्या म्हणाल्या. "तेवढ्यानं तिचं पोट भरलं नव्हतं का रे?"

अनिरुद्ध रडायला लागला. काकू रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि नंदाला भीती वाटली की यांना आता काहीतरी होणार. ती पाणी आणायला उठली. काकूंनी हातानं थांबवलं.

"काहीच उरलं नाही?"

नंदानं मोबाइल काढला. ते तिकिटाएवढं चित्र तिनं त्यात घेऊन ठेवलं होतं, का ते तिलाही माहीत नव्हतं. "एवढंसं आहे, काकू. मोठं केलं की फुटतं. तोंडच राहत नाही."

काकूंनी अनिरुद्धला भिंग आणायला सांगितलं. मोबाइलवर भिंग धरून त्या वाकल्या. खालून रिक्षा गेल्या, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देऊन थांबला, तरी त्या वाकलेल्याच. नंदाला त्या दोन ठिपक्यांत डोळेच दिसले नव्हते. तिरळेपणा तर दूरच.

"हा आहे," काकू म्हणाल्या. "हा साईनाथ आहे. हाच द्या."

"पण काकू, मोठा होत नाही हो तो."

"मी मोठा करा म्हटलं का? जेवढा आहे तेवढा द्या. त्यात काही भरायचं नाही, काही पुसायचं नाही. ब्रश लावलात तर मला कळेल."

"मला माफ करा, काकू."

"तुम्ही खरं सांगितलंत," काकू म्हणाल्या, "पण मी विचारल्यावर. माफीचं मला आत्ता सुचत नाहीये. तुम्ही या आता."

रविवारी बारा तारखेला नंदा गेली. बोलावणं आलं होतं, का ते कळलं नव्हतं. रामदासही सोबत आला. दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसं होती. समोरच्या भिंतीवर ती जड सागवानी फ्रेम लावलेली. आत पांढराशुभ्र कागद, या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरा. आणि मधोमध, अंगठ्याच्या नखाएवढा, साईनाथ.

दारातून येणाऱ्याला वाटायचं, फ्रेम रिकामीच आहे. मग माणसं पुढं जायची, चष्मा सारखा करायची, भिंतीला नाक लागेल इतकी वाकायची. एक सूनबाई लहान मुलाला उचलून जवळ नेत होती. फूल कुठं वाहायचं ते कुणाला कळत नव्हतं. फुलानं तो सगळाच झाकला जात होता, म्हणून फुलं खाली पाटावर ठेवली जात होती. अनिरुद्ध दाराशी उभा होता, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

मुंबईहून आलेले काकूंचे एक दीर मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, एवढी थोरली फ्रेम आणि फोटो एवढासा? जरा मोठा करून घ्यायचा की! हल्ली संगणकावर काय वाट्टेल ते होतं."

काकू आता बोट दाखवणार, सगळ्यांदेखत नाव घेणार, आणि आपण ते ऐकून घ्यायचं, असं नंदानं मनाशी ठरवलं. रामदास तिच्या जवळ सरकला.

काकूंनी नंदाकडे बघितलं, अनिरुद्धकडे बघितलं. मग फ्रेमकडे वळल्या.

"एवढाच उरलाय, भावजी," त्या म्हणाल्या. "जवळ येऊन बघा."